न भाजता, न शिजवता: अठरा जणांच्या सहलीचा खाऊ

३ तारखेच्या रविवारी आमच्या चालण्याच्या गटाची बैठक होती. २४ तारखेला दिवसभर जंगलातल्या पायवाटेवर जायचं ठरलं होतं आणि कामं वाटायची होती. गाड्या कोण आणणार, प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे, असं चाललं होतं. "आणि खाऊ?" असं ताईंनी विचारलं तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तेवढ्यात हात वर केला. स्वतःचा नाही, माझा.

अठरा माणसं, त्यांत सहा मुलं. दुपारचं जेवण ज्याचं त्याने आणायचं. सकाळी दहाचा आणि दुपारी साडेतीनचा खाऊ माझ्याकडे. चहा करणं आणि अंडी उकडणं यापलीकडे मी स्वयंपाकघरात कधी गेलेलो नाही. घरात ओव्हन नाही. त्यात त्या पायवाटेच्या नियमांतली पहिलीच ओळ अशी, की आत काहीही पेटवायचं नाही, साधा स्टोव्हसुद्धा नाही. ते ऐकूनच पोटात गोळा आला. पुढचे तीन आठवडे गोळेच वळायचे आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं.

५ तारखेला ताईंनी परवानगीचा अर्ज दिला. उत्तर आठवड्याभरात येतं असं सांगितलं होतं. ११ तारखेला अर्जच परत आला, कारण 'सोबत नेण्याचे खाद्यपदार्थ व कचऱ्याची व्यवस्था' हा रकाना कोरा होता. कोरा का, तर मी अजून काही ठरवलंच नव्हतं. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त फोटो काढून पाठवला. मी त्याच रात्री बसून पदार्थ, डबे आणि परत आणायच्या पिशव्यांची यादी लिहून दिली, आणि १२ तारखेला अर्ज पुन्हा गेला. परवानगी हातात पडली ती १९ तारखेला, म्हणजे सहलीच्या फक्त पाच दिवस आधी. तुम्हाला असा अर्ज भरायचा असेल तर खाण्याचा रकाना आधी भरा. आम्ही काचेच्या बरण्या लिहिल्या नव्हत्या हे बरं झालं. काच आणि एकदाच वापरून टाकायचं प्लास्टिक, दोन्हींना मनाई होती हे परवानगीच्या कागदावर नंतर कळलं.

यादी लिहून दिली खरी, पण पहिला प्रयोग त्याआधीच फसला होता.

झालं असं, की मी इंटरनेटवर ओव्हनशिवायच्या पाककृती शोधायला बसलो आणि सगळीकडे एकच गोष्ट दिसली: चॉकलेट वितळवा, खोबरेल तेल घाला, ओट्स आणि पीनट बटर मिसळा, ताटलीत थापा, फ्रिजमध्ये ठेवा. ९ तारखेच्या शनिवारी केलं. दोन तासांत वड्या अशा सुरेख जमल्या, की सुरी लावली की टक् असा आवाज. लेक म्हणाली, "बाबा, दुकानातल्यासारख्या." मी मनातल्या मनात खाऊचं काम यादीतून खोडून टाकलं.

रविवारी सकाळी शेजारच्या काकूंना चवीला दिल्या. काकूंनी एक खाल्ली, बोट चाटलं आणि विचारलं, "सहलीला फ्रिज नेणार आहात का?"

म्हणून अकरा वाजता सहा वड्या डब्यात घालून झाकण लावून डबा खिडकीतल्या उन्हात ठेवला. वीस मिनिटांनी कडांवर चकाकी आली. पस्तीस मिनिटांनी वड्यांचे कोपरे गोल झाले आणि दोन शेजारणी एकमेकींना चिकटल्या. तासाभराने डबा तिरका केला तर आतला सगळा ऐवज एका बाजूला सरकला आणि वर तेलाचा पिवळसर थर तरंगायला लागला. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं. चॉकलेट तिशीच्या पुढे मऊ पडतं आणि ३४ अंशांच्या आसपास पातळ होतं, म्हणजे हातात धरलं तरी पुरे. या वड्यांना धरून ठेवणारं जे काही होतं ते फ्रिजच्या थंडाव्यात होतं, पदार्थात नव्हतं. हे कळायला एक तास ऊन आणि काकू लागल्या.

त्यानंतर कुठलीही पाककृती वाचताना मी आधी एवढंच बघायला लागलो, की याला घट्ट कोण धरतंय. 'फ्रिजमध्ये सेट होऊ द्या' असं असेल आणि बांधणी लोणी, चॉकलेट किंवा खोबरेल तेलाची असेल, तर ते घरच्या पार्टीचं खाणं. बाहेर न्यायचं तर चिकटपणा खजूर, मनुका, मध अशांतून यायला हवा; ते तापले तर थोडे सैल पडतात, पण वाहून जात नाहीत. मध मात्र एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात चालत नाही; आमच्यात एवढं लहान कोणी नव्हतं, तुमच्यात असेल तर ध्यानात ठेवा.

वाचता वाचता आणखी एक पाककृती गाळली. कच्चा मैदा, साखर आणि लोणी कालवून 'न भाजलेलं बिस्किट' म्हणून चमच्याने खायचं. ओव्हन लागत नाही म्हणून मोह झाला होता. पण मैदा हा कच्चाच असतो, दळला म्हणजे शिजला असं होत नाही, आणि त्यात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात. मग ओट्स कसे चालतात? ही शंका मलाही आली. चपटे ओट्स कारखान्यात आधी वाफवतात आणि मग रुळांखाली दाबतात, त्यामुळे ते तसेच खाता येतात.

आता ॲलर्जीच्या चिठ्ठ्या. खरं तर या सगळ्याच्या आधी यायला हव्या होत्या आणि सगळ्यांत उशिरा आल्या. ताईंनी प्रत्येक घराकडून लेखी मागितलं होतं. मुदत १२ तारीख. सतरा जणांची माहिती मुदतीत आली. अठरावी, दोनदा फोन केल्यावर, १४ तारखेच्या संध्याकाळी. तीत लिहिलं होतं: मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी, औषधाचं इंजेक्शन सोबत असतं. वय सात. त्याआधीच्या चिठ्ठ्यांतून एकाला तीळ चालत नाहीत आणि एका बाईंना ग्लुटेन चालत नाही, हे कळलं होतं.

मी शेल्फावरच्या पीनट बटरच्या बरणीकडे बघत बसलो. त्या वड्यांचा एक तुकडा मी गटातल्या कुणाला चाखायला दिला असता तर? दिला नव्हता. पण द्यायचं डोक्यात होतं.

मनात आधी सोपा मार्ग आला: त्या मुलाला वेगळा डबा. तो त्याच्या आईला फोनवर सांगितला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, मुलं डब्यांची अदलाबदल करतात हो. आणि सगळ्यांच्या हाताला दाणे लागलेले असले तर वेगळ्या डब्याचा काय उपयोग?" बरोबर होतं. सगळ्यांचाच खाऊ शेंगदाण्याविना, काजू-बदामाविना आणि तिळाविना करायचा असं ठरलं. ग्लुटेनचं काम त्यामानाने सोपं. ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गव्हाची सरमिसळ होते, म्हणून पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच ओट्स घ्यायचे.

काजू, बदाम, दाणे गेले. राहिल्या सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया. सूर्यफुलाच्या बिया सहज मिळतील असं वाटलं होतं. मिळाल्या, पण पहिल्या दोन दुकानांतल्या प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरांत 'शेंगदाण्याचा अंश असू शकतो'. तिसऱ्या दुकानात तसं न लिहिलेलं पाकीट सापडलं. चष्मा घेऊन जा, एवढंच सांगतो.

मग आठवलं, की आमच्या मिक्सरमध्ये आठवड्यातून दोनदा दाण्याचं कूट होतं. भांडं साबणाने गरम पाण्यात घासलं, चकाचक दिसत होतं. सहज म्हणून झाकणाची रबरी रिंग नखाने उचलली. खाली दाण्याचं लालसर साल चिकटलेलं, नखाएवढं. मला तिथेच घाम फुटला. नवी रिंग आणली आणि त्या मुलाच्या आईला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या: लाकडी चमचे आणि पाट वापरू नका, त्यांच्या चिरांत अंश राहतात, आणि प्रत्येक डब्यावर आत काय काय आहे ते लिहा, 'चालेल' असं लिहू नका, काय चालेल ते त्या ठरवतील. नारळाचा कीस चालतो का हेही तेव्हाच वेगळं विचारून घेतलं. चालत होता.

१६ तारखेला दुसरी खेप. या वेळी खजूर. पाककृतीत लिहिलं होतं, खजूर सुका असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. मी भिजवला आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तासाभराने परत आलो तर खजूर फुगून टम्म. तसाच वाटला. चिखल झाला, अगदी शब्दशः. ओट्स घातले, तरी चिखल. आणखी घातले. आणखी घातले. वैतागून वाडगा झाकून ठेवला आणि झोपलो. सकाळी पाहतो तर तोच गोळा इतका कोरडा, की वळताना भेगा पडत होत्या. रात्रभर ओट्सनी सगळं पाणी पिऊन घेतलं होतं.

इथे माझं घोडं अडलं होतं आणि उपाय अगदी साधा निघाला: थांबणं. मिश्रण सैल वाटलं तर लगेच ओट्स न घालता झाकून वीस मिनिटं ठेवायचं, मग बघायचं. आणि भिजवलेला खजूर मुठीत दाबून, कापडावर टिपून मगच वाटायचा. मऊ खजूर मिळाला तर भिजवूच नका. जितकं पाणी कमी तितका गोळा जास्त टिकतो, हा दुहेरी फायदा.

१७ तारखेला जमलं. प्रमाण देतो, कारण हे तिसऱ्या खेपेला हाती लागलेलं आहे: बिया काढलेला खजूर ५०० ग्रॅम, ओट्स ३०० ग्रॅम, सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया वाटून २०० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया भरड वाटून १०० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, वरून घोळवायला नारळाचा कीस ६० ग्रॅम, आणि मीठ चिमूटभर. मीठ विसरू नका, दिवसभर घाम गाळल्यावर नुसतं गोड खाववत नाही. वीस-वीस ग्रॅमचे साठ गोळे व्हायला हवेत. माझे सत्तावन्न झाले. तिघांचा हिशेब भांड्याला चिकटला आणि लेकीच्या तोंडात गेला.

सूर्यफुलाच्या बियांचं लोणी करताना धीर सोडू नका. दोन मिनिटांत पीठ होतं आणि तिथेच अडकल्यासारखं वाटतं. कडेला बसलेलं खरवडून पुन्हा फिरवलं की ढेकळं होतात, मग एक मोठा गोळा भांड्यात गरगरत राहतो, आणि मग अचानक तेल सुटून सगळं चकचकीत, पातळसर होतं. मला थांबत थांबत दहा-बारा मिनिटं लागली. थांबत थांबत, कारण मिक्सरला वास यायला लागला होता.

या खेपेचे चार गोळे त्याच डब्यात, त्याच खिडकीत, त्याच उन्हात तासभर ठेवले. बाहेरून जरा मऊ झाले. बाकी काही नाही. मी काकूंना बोलावून दाखवले.

सकाळच्या दहाच्या खाऊला सँडविच ठरलं. डब्यातले शिजवलेले छोले, लिंबू, लसूण, तेल, मीठ हे मिक्सरला फिरवलं की झालं. या प्रकारच्या वाटणात एरवी तीळ वाटून घालतात, ते वगळलं. सतरा जणांना सतरा सँडविच, म्हणजे ३४ स्लाइस. ग्लुटेन न चालणाऱ्या बाईंना तेच वाटण काकडीच्या जाड चकत्यांवर, वेगळ्या डब्यात, ब्रेडचा चुरा उडायच्या आधी भरून. काकडी मात्र सँडविचमध्ये घालू नका. घरी करून पाहिलं, तर मीठ लागताच तिला पाणी सुटलं आणि दोन तासांत ब्रेडचा लगदा. चकत्या वेगळ्या न्याव्या, खाताना घालाव्या.

शिजवलेल्या कडधान्याचं वाटण नासतं, त्यामुळे इथे घड्याळ पाळावं लागतं. ५ ते ६० अंश हा जंतूंना मानवणारा पट्टा. असं खाणं थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून सँडविच सकाळी आणि गोळे दुपारी, उलट नाही. दुपारपर्यंत सँडविच राखण्याएवढा बर्फ पाठीवर वाहून नेण्याची माझी ताकद नव्हती.

तिसरी वस्तू म्हणजे खिशात ठेवायचं सुकं मिश्रण, माणशी ४० ग्रॅमची कागदी पुडी. बिया, मनुका, खारवलेले कुरमुरे. रात्रीच एकत्र करून ठेवलं असतं तर मनुकांचा ओलावा कुरमुऱ्यांनी ओढून घेतला असता, म्हणून सहलीच्या सकाळी मिसळलं. यात सांगण्यासारखं एवढंच.

खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घेतला. काजू-बदामाच्या पहिल्या यादीपेक्षा बियांची यादी जवळपास निम्म्यात बसली, पण ग्लुटेन-फ्री ओट्सनी ती बचत बऱ्यापैकी खाल्ली. फसलेल्या दोन खेपा आणि मिक्सरची रिंग मी वाटणीत धरली नाही.

२२ च्या शुक्रवारी रात्री गोळे वळले. तळहाताला पाण्याचा नुसता हात लावून वळलं की चिकटत नाही. दर सहा-सात गोळ्यांनी हात धुवावे लागतात. पहिले दहा वजन करून केले, नंतर हाताला अंदाज आला. दीड तास लागला. २३ ला पाण्याच्या चार बाटल्या गोठवल्या, वर चार बोटं रिकामी ठेवून, कारण गोठताना पाणी फुगतं आणि बाटली फुटते. २४ ला पहाटे पाचला उठून सँडविच. डबे खाली, बर्फाच्या बाटल्या मधे आणि वर. गार हवा खाली उतरते. या बाटल्यांचं पाणी दुपारी प्यायला झालं, हा वरकड फायदा.

सातला वाहनतळावर पोचलो आणि उतरल्याउतरल्या एक भटकं कुत्रं आलं. सगळ्यांत धाकटा, चार वर्षांचा, त्याला आपल्या पुडीतलं द्यायला निघाला होता. मनुका आणि कोको दोन्ही कुत्र्यांना विषारी. मी ओरडलो, जरा जास्तच जोरात, पोरगं रडलं. त्याला गप्प करायला द्राक्षं दिली, लांबीने चार-चार तुकडे करून आणलेली. एवढ्या लहान मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. ताईंनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तीन आठवड्यांत माझं काय झालंय ते बहुधा त्यांना तेव्हा दिसलं.

दहाची सँडविच अकराला दहा कमी असताना खाल्ली, कारण ओढ्याशी मुलं थांबली. बर्फ अर्धा शिल्लक होता, हात लावला तर डबे गार. एक सँडविच उरलं, ते मी परत नेण्याच्या पिशवीत टाकलं. दुपारी "असू दे हो, काही होत नाही" म्हणणारे एक काका होतेच, पण दिलं नाही.

साडेतीनला सावलीत बसून डबा उघडला. झाकणावर मी चिठ्ठी लावली होती, आत काय काय आहे त्याची. त्या सात वर्षांच्या मुलाने हात पुढे केला नाही. सवयीने आईकडे पाहिलं. आईने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. मी उगाच पायातल्या बुटाची नाडी सोडून बांधली. "घे," त्या म्हणाल्या. त्याने एक घेतला, अर्धा खाल्ला, उरलेल्या अर्ध्याचा आतला भाग नीट पाहिला आणि विचारलं, "हा सगळ्यांचा तोच आहे?"

"तोच."

त्याने आणखी दोन घेतले.

मुंग्या दहा मिनिटांत आल्या, डबा लगेच बंद करावा लागला. कागदी पुड्या, द्राक्षांचे देठ, सगळं पिशवीत भरून परत आणलं. निघताना फाटकावरच्या माणसाने अर्जावरच्या यादीशी ताडून पिशवी खरोखरच उघडून पाहिली. चार गोळे उरले होते, ते गाडीत संपले.

त्या पहिल्या वड्यांचा वितळून एकजीव झालेला ठोकळा अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे, वेगळ्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात 'शेंगदाणा' लिहून. थंडीत पुन्हा दगडासारखा झालाय. लेक रात्री चमच्याने खरवडून खाते.